आबांच्या गाडीचं तेल
तेलाच्या डब्याचं बूच उघडलं की आबा एक थेंब अंगठ्यावर घेत, बोटाने चोळत आणि डोळे मिटून घेत. आग्रा रोडवरच्या माझ्या ऑईलच्या दुकानात सगळ्यांनाच घाई असते. मागचं गिऱ्हाईक कुरकुरू लागलं, की हे सावकाश डोळे उघडून निकाल देत, "पातय शे, भाऊ." म्हणजे पातळ आहे, नको.

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. तुम्ही देवपुरात राहत असाल, तर त्यांची मागे इंजिन असलेली जुनी निळी गाडी तुम्ही पाहिली असेल, आणि तिच्या आवाजाला हसलाही असाल. तिला रेडिएटर नव्हता. इंजिन थंड राहायचं ते वाऱ्यावर आणि तेलावर. "तिनामा पानी नही, भाऊ. तेलच तिनं पानी," हे मी शंभरदा ऐकलं असेल. म्हणून त्यांना चाळीस नंबरचं साधं जाड तेल लागे. ते विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. मी खास मागवायचो आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करायचो.

गाडी लांब जायची ती वर्षातून एकदाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, आणि आबांच्या बायकोचं, काकूंचं, माहेर बोदवडचं. ऐन उन्हात आबा त्यांना याच गाडीने नेत. पुढे काकू गेल्या, मुलगा परदेशात राहिला, तरी आबा जायचेच. शेजारच्या सीटवर आंब्यांची पाटी असे. मी एकदा चेष्टेत विचारलं, आबा, आता माहेर कोणाचं? ते म्हणाले, "तिनंच शे अजून." माझा मलाच राग आला.

एरवी ते दुकानातल्या स्टुलावर बसत. आज काय भाजी केली हेही मला सांगत, कारण घरी सांगायला कोणी नव्हतं. कधी कधी मला कंटाळा यायचा. आता कबूल करायला काय हरकत आहे?

गेल्या आखाजीला तेल मागवायचं मी विसरलो. दोन दिवस उरले होते. मी नव्या गाड्यांचं महागडं, पातळ तेल पुढे केलं आणि आता तंत्र बदललंय वगैरे ऐकवलं. त्यांनी थेंब चोळला, डोळे मिटले. मग पहिल्यांदाच निकाल न देता म्हणाले, "तू म्हणस तर लेतो."

एरंडोलच्या पुढे तेलाचा लाल दिवा लागला. आबांनी तिथेच इंजिन बंद केलं. गाडी रस्त्यावर टाकून एसटीने जाणं त्यांच्याने झालं नाही. दिवसभर एका टपरीच्या सावलीत बसले आणि ऊन उतरल्यावर हळूहळू परत आले. हे मला आठवड्याने कळलं, तेही मी विचारलं म्हणून. मला एका शब्दाने बोलले नाहीत. गाडी म्हातारी झाली, एवढंच म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी जाड तेलाचे दोन डबे मागवले.

थंडीत आबा गेले. दोन दिवस दुकानात आले नाहीत म्हणून मीच देवपुरात गेलो, तेव्हा शेजाऱ्यांनी सांगितलं.

दहाव्याला बोदवडहून काकूंचे धाकटे भाऊ आले होते. तेही सत्तरीचे. माझ्या शेजारी बसले आणि आपणहून बोलू लागले. आखाजीला संध्याकाळपर्यंत आबांचं ताट झाकून ठेवलं होतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोनवर आबा नुसतं जमलं नाही म्हणाले. "आम्हाला वाटलं, ताई नाही, आता दाजींनी आमचं घर सोडलं. मग मीही रागाने फोन केला नाही."

आबांनी माझं नाव त्यांनाही सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. आबा निघाले होते, एरंडोलच्या पुढे गेले होते, चुकीचं तेल मी दिलं होतं. आता हा माणूस मला काय बोलेल ते बोलू दे म्हणून मान खाली घालून बसलो.

ते माझा हात धरून म्हणाले, "म्हणजे दाजी येत होते."