ओंजळ कर

“ओंजळ कर.”

वस्ताद असं म्हणाले की मी दोन्ही हात पुढे करायचो. ते पत्र्याच्या डब्यातून चमचाभर चॉकची पावडर घ्यायचे आणि हातभर वरून माझ्या तळहातांवर सोडायचे. अर्धी जमिनीवर सांडायची. बाकीची पोरं सरळ डब्यात मनगटापर्यंत हात घालायची, चोळायची, टाळी वाजवायची. पांढरा धूर उठायचा. मी वाकून सांडलेली पावडर बोटांनी टिपायचो. घामाच्या हातातून रॉड सटकतो. डोक्यावर असताना सटकला तर मान मोडते. म्हणून टिपायचो.

कारण कुणी बोलून दाखवत नव्हतं. गरजच नव्हती. मी रेल्वेच्या वस्तीतला, निळे झेंडे लागतात त्या गल्लीतला. वडील नागपूरकडून आलेले, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे कामगार. वस्तादांचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून रायपूरच्या जुन्या बूढ़ापाऱ्यात. तलावामागची व्यायामशाळा त्यांच्या आजोबांची. रायपूर राजधानी झालं, नव्या राज्याला मेडलं हवी झाली, तसे तिथे नवे रॉड आणि रबरी प्लेटा आल्या. राज्याच्या टीममध्ये नाव लागलं तर मला खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी मिळणार होती. नाव द्यायचं वस्तादांनी. एवढ्यासाठी मी ओंजळ करत होतो.

वेटलिफ्टिंगमध्ये नुसती ताकद पुरत नाही. रॉड जोरात ओढला की वर जाताना क्षणभर हलका होतो. त्या क्षणात आपण त्याच्याखाली घुसायचं. उशीर झाला की गेला. मला उशीर व्हायचा. मग मागून पट्टा बसायचा. कमरेला बांधायचा जाड चामड्याचा पट्टा, लोखंडी बक्कलवाला. मांड्यांच्या मागे, एकाच जागी.

“रॉड वर गेला न बे, तू खाली कवा जाशीन?” वस्ताद ओरडायचे. “तुमच्या लोकायची ताकद हमालाची. पोतं उचलनं जमते तुमाले. चपळाई रक्तात लागते.”

“याले मालधक्क्यावर पाठवा, वस्ताद!” त्यांचा पुतण्या म्हणायचा. चौबे कॉलनीतून स्कूटरवर यायचा. त्याला रॉड कधी उशिरा सापडला तर पट्टा नाही, ग्लुकोजचं पाणी मिळायचं.

हशा व्हायचा. मीही हसायचो. खरंच हसायचो.

घरी आई विचारायची, “काहून लंगडून राहिला रे?”

“प्लेट लागली.”

मग कुंती आली. आरंगकडच्या खेड्यातली, आमच्यासारख्याच जातीची, छत्तीसगढी बोलणारी. खांदे रुंद, बोलणं कमी. पहिल्याच दिवशी ती डब्याकडे गेली तेव्हा वस्तादांनी डबा उचलून घेतला. चमचा माझ्या हातात दिला. म्हणाले, “इले तू देत जाय.”

मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. डब्याला हात लावायची परवानगी अजून नव्हती, पण चमचा माझा होता. मी तिच्यासमोर उभा राहायचो, चमचा उंच धरायचो आणि तेच दोन शब्द म्हणायचो. वस्तादांच्याच आवाजात. कधी मुद्दाम थांबायचो. ती हात पुढे करून उभी राहायची.

निवडीच्या दिवशी तिचे तळहात सोलले होते. आदल्या दिवसाच्या सरावात घट्टे फाटून आतलं लाल मांस दिसत होतं. त्यावर चॉक भरपूर लागतो. मी चमचा वर नेला.

“ओंजळ कर.”

तिने केली नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, “तुंहर हाथ मा घलो तो ऊपरेच ले गिरथे, भैया.”

तुमच्याही हातात वरूनच पडतं. एवढंच. आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. माझ्या मांड्यांवरचे सगळे वळ एकदम पेटले. पट्ट्याने जे इतक्या महिन्यांत झालं नव्हतं ते झालं.

पहिलं नाव माझंच पुकारलं गेलं. वस्तादांनी माझ्या हातातून चमचा घेतला, भरला. “हात कर.”

मी हात केले. दोन्ही, डब्यात, मनगटापर्यंत. पावडर थंड आणि मऊ होती. ती इतकी मऊ असते हे मला माहीत नव्हतं.

पट्टा आला तो मांड्यांवर नाही, तोंडावर. बक्कल भुवईत घुसलं. रक्त डोळ्यात गेलं. दुसरा वार उतरताना मी पट्टा हवेत धरला. उशीर झाला नाही. मनगटाला गुंडाळला आणि ओढला. वस्ताद गुडघ्यांवर आले. पुतण्या पुढे धावला, त्याला मी प्लेटांच्या ढिगावर ढकलला. मग पट्टा उलटा धरून वस्तादांच्या पाठीवर मारला. एकदाच, पूर्ण ताकदीने. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या तोंडून रोज निघायचा.

मी रॉडकडे गेलो. ओढला, खाली घुसलो, उठलो. वर धरून उभा राहिलो, रक्त हनुवटीवरून रॉडखालच्या फळीवर टपकत होतं. मग सोडला. फळी फाटली.

पोलीस आले. निवड रद्द झाली. माझं नाव कायमचं कापलं गेलं, मिळणारी नोकरी गेली. वडील महिनोन् महिने माझ्याशी बोलले नाहीत.

आता माझी पन्नाशी जवळ आली. लोकांना वाटतं त्या वाराचं मला वाईट वाटत असेल. नाही वाटत. मला तो चमचा झोपू देत नाही. निवड रद्द झाली ती कुंतीचीही. ती सोललेले हात घेऊन गेली आणि परत आली नाही. तिच्या गावचा रस्ता मला ठाऊक होता. मी गेलो नाही. तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो?

आमच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये मी पोरापोरींना रॉड शिकवतो. चॉकचा डबा जमिनीवर उघडा असतो. प्रत्येकाने आपला हात आपण घालायचा. पट्टा फक्त कमरेला. कुणी कुणाला ओंजळ करायला लावली, तर त्याचा हात मी मोडीन. मग तो हात माझा का असेना.