तिशी उलटल्यावरचे मुरूम

त्या दिवशी सकाळी लई गारठा होता. दहा वाजले, ऊन जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चढलं, तरी गळ्यातला मफलर सोडावा वाटंना. वारा असा कोरडा की बोलायला तोंड उघडलं की ओठ चिरायचे. असल्या दिवशी आमच्या दवाखान्यात पेशंट कमी येतात. आणि आलेले लवकर उठत नाहीत, कारण बाकड्यावर ऊन असतं!

दवाखाना चामडीचा. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. आत डॉक्टरीणबाई बसायच्या आणि दारात स्टुलावर मी. नंबर लावायचा, हाक मारायची, दार उघडायचं. बावीस वर्षं मी हेच केलं. मला शाळा नाय. हे बोलणं माझं, अक्षर सुनेचं.

लोकांना वाटतं, मुरूम म्हणजे कॉलेजातल्या पोरापोरींचं काम. व्हय, पोरं येतात. पण तिशी-चाळिशी उलटलेली, लेकराबाळांची माणसं किती येतात, ते दारात बसणाऱ्यालाच ठाऊक. पोरं धडधड जिना चढतात. मोठी माणसं दोनदा मागं बघून चढतात. असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाय. स्टुलावर गप बसून राहिलं की तेच येऊन मांडीवर बसतात.

तर त्या गारठ्यात एक बाई आली. तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे उघडे. आपल्या शहरात स्कूटरवाल्या सगळ्याच पोरी असा स्कार्फ बांधतात, म्हणून मी काही लक्ष दिलं नाय. "नवीन का जुना?" एवढंच विचारलं.

ती वाकून हळूच म्हणाली, "चाचा, मैं हूँ. रेहाना."

माझ्या भिंतीला भिंत लागून हिचं घर! वय बत्तीस. साडीच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर साडी टाकून, पिन न लावता निऱ्या अशा पाडायची की बाईला वाटावं, ही साडी आपल्यासाठीच विणली. आणि दोन वर्षं झाली, हनुवटीवर, जबड्यावर लाल गाठी यायच्या. दुखायच्या. जायच्या, पुन्हा यायच्या. शेजारी असून मला पत्ता नाय, कारण ती ओट्यावर यायचीच बंद झाली होती.

"सेठनं मागं बसवलंय, चाचा. म्हणतात, बेटा, चेहरा नीट होईपर्यंत फॉल लाव. लग्नसराईच्या आत मला काउंटरवर परत जायचंय. एकदा मागं बसलेली बाई मागंच राहते."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, हे वरून नाय, आतून आहे, हार्मोन्सचं. रक्त तपासू, गोळ्या घे, पण सहा महिने धीर धर.

रेहाना बाहेर आली आणि माझ्यासमोर बोटं मोजायला लागली. "चाचा, लग्नसराई तर तीन महिन्यांवर आली!"

मी दार उघडून पुढच्या नंबराला हाक मारली. तिचं पुढं सांगतो. आधी बाकड्यावरचे बाकीचे.

*

पैठणचा एक विणकर यायचा. छत्तिशीचा, लग्न राहिलेलं. गाल बघवत नव्हते. कुणीतरी त्याला सांगितलं, हळद आणि साय लाव आणि दिवसभर धुऊ नको. हा गडी तसाच एसटीत चढला!

कंडक्टर ओरडला, "अरे, नवरदेव उभा कसा? उठा, जागा द्या!" दोघं उठले. एका म्हातारीनं तर त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

हे ऐकून सगळं बाकडं हसलं. मी म्हणलं, "मग सांगायचं ना, लग्न नाय, मुरूम आहेत म्हणून."

तो म्हणाला, "मामा, तीन ठिकाणी चेहरा बघून नकार आला. पहिल्यांदाच कुणी नवरदेव म्हणलं. मी कशाला खोटं पाडू? मी तर सासुरवाडीचं गावसुद्धा सांगून टाकलं!"

*

कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. चाळिशीच्या. दर वेळी लेकीच्या नावानं नंबर लावायच्या. लेक बारावीला. दोघी आत जायच्या, दोघी बाहेर यायच्या, औषधाचा कागद मॅडमच्या पर्समध्ये.

एकदा बाईंकडं शिकायला आलेली नवीन डॉक्टर आत बसली होती. तिनं लेकीला खुर्चीत बसवलं, लाईट लावला, भिंग घेतलं. चांगली दहा मिनिटं शोधत होती. शेवटी घाबरून बाईंना म्हणाली, "मॅडम, मला काहीच दिसत नाही!"

लेक आईकडं बोट करून म्हणाली, "दिसणार कसं? मुरूम त्या खुर्चीत बसलेत. मी नुसतं नाव द्यायला येते!"

मॅडम त्या दिवशी पुढच्या वेळेचा नंबर स्वतःच्या नावानं लावून गेल्या. मोठ्यानं नाव सांगितलं, सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल असं.

*

आता माझीच एक चूक.

लहानपणी फुलंब्रीकडं आम्ही मेंढरं राखायचो. दोनशे मेंढरांतलं कोणतं कुणाचं, ते मी तोंडावरच्या ठिपक्यावरून सांगायचो. इथं नाव वाचता येईना, म्हणून इथंही तेच चालवलं. ही डाव्या गालाची, तो कपाळाचा, ही हनुवटीच्या तीन गाठींची. वाईट मनानं नाय. माझी वहीच ती.

एक दिवस एक बाई थेट दाराकडं निघाली. मी हात आडवा केला. "ताई, नवीन पेशंटचे नंबर संपले. उद्या या."

"मामा, मी नवीन नाही."

"ताई, मी इथं रोज बसतो. माझ्या नजरेतून माणूस सुटत नाय."

"अहो, आठ महिने झाले मी येते! मागच्या वेळी तुम्हीच मला पाणी दिलं!"

मी तिच्या तोंडाकडं बघतो, बघतो, काहीच सापडंना. स्वच्छ! आणि ती बाई एकदम रडायला लागली. डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या. मला वाटलं, गेली आपली नोकरी.

ती रडत रडत म्हणाली, "डॉक्टर, मामांनी मला ओळखलं नाही! खरंच ओळखलं नाही!" आणि खाली जाऊन सगळ्या बाकड्यासाठी इमरती घेऊन आली.

बाई मला म्हणाल्या, "मामा, अशा चुका रोज करत जा."

*

रेहानाचा दुसरा महिना. औषध सुरू झालं आणि आधी होते त्याच्या दुप्पट फोड वर आले. बाईंनी आधीच बजावलं होतं, कधीकधी असं होतं, घाबरू नको. पण ज्याला आरसा रोज बघायचा असतो तो माणूस घाबरतोच.

ती घराच्या दारातूनच म्हणाली, "चाचा, तुमच्या डॉक्टरनं तर पीक वाढवलं! अब नक्को. गोळ्या बंद."

मी ओट्यावर बसलो. ती आत, मी बाहेर, मधी पडदा. मी म्हणलं, "बेटी, बावीस वर्षांत मी बरे झालेले लई बघितले. लवकर बरा झालेला एक पण नाय बघितला."

पडद्यामागून भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. मग गोळीचं पाकीट कुरकुरलं. मी उठून घरी गेलो.

*

त्या गोळ्यांचा पण एक किस्सा आहे. हार्मोन्ससाठी बाई कुणाकुणाला देतात त्या गोळ्या पाळणा लांबवायच्या कामाच्या पण असतात. फुलंब्रीच्या एका सुनेला बाईंनी त्या दिल्या. चार दिवसांनी सुनेला घेऊन सासू आली. पाकीट मुठीत, पदर खोचलेला. नंबर न लावता आत.

"डॉक्टरीणबाई! मी नातवाची वाट बघायली आन् तुम्ही हिला हे खायला घालता?"

बाईंनी तिला बसवलं. माझ्याकडून पाणी मागवलं. सुनेची पाळी कशी चार-चार महिने येत नाय, तोंडावरचे मुरूम त्याचेच कसे, आणि आत्ता शरीराची घडी बसली तर उद्या नातवालाही बरंच पडेल, हे सगळं सावकाश सांगितलं. सून खाली मान घालून उभी. म्हातारीनं ऐकलं, पाणी प्याली. पाकीट सुनेच्या हातात परत दिलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "मला का नाय सांगितलं गं?"

दारापर्यंत आली आणि माघारी वळली. पदर बाजूला केला, हनुवटी पुढं केली. "मग मला पण एक पाकीट द्या की. पन्नाशीला हे काय उगवलंय बघा!"

*

लग्नसराई लागली. रेहानाचा तिसरा महिना संपत आलेला. नवीन फोड यायचे थोडे थांबले होते, पण जबडा अजून लालच. ती मागच्या खोलीत फॉल लावत होती आणि काउंटरवर दुसरी पोरगी उभी होती. रेहाना आता बोटं मोजायचीच नाय.

एका दुपारी तिच्या पुन्हा तपासलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, "मामा, शेजारीच राहते ना, देऊन या." मला वाटलं, संध्याकाळपर्यंत कशाला थांबा. दुकानातच गेलो. चपला काढून दाराजवळ उभा राहिलो.

आत एक नवरी, तिची आई आणि मावश्या. गादीवर साड्यांचा ढीग. काउंटरवरची पोरगी नवरीच्या खांद्यावर साडी टाकायची, आरशासमोर उभी करायची, आणि नवरी मान खाली घालायची. "नको." दुसरी साडी. "नको." नवरीच्या दोन्ही गालांवर मुरूम आणि वर पावडरचा थर.

आई चिडली. "अगं, वर तर बघ! न बघताच नको म्हणतेस!"

नवरीच्या डोळ्यांत पाणी. सेठ साड्यांच्या घड्या घालायला लागला. मावश्यांनी उठायची तयारी केली.

तेवढ्यात मागचा पडदा सरकला. रेहाना बाहेर आली, ओढणीला सुई तशीच टोचलेली. आरशासमोर जाऊन नवरीच्या शेजारी उभी राहिली आणि तोंडावरचा स्कार्फ सोडला. सगळ्या दुकानासमोर! सेठ अर्धा उठला.

तिनं ढिगातली राणी रंगाची साडी ओढली, स्वतःच्या खांद्यावर टाकली, निऱ्या पाडल्या. नवरीला म्हणाली, "स्वतःकडं नको बघू. माझ्याकडं बघ. कशी दिसते?"

नवरीनं मान वर केली. आधी साडी बघितली, मग तोंड. लई वेळ बघत राहिली.

"छान दिसते."

"मला दोन वर्षं झाली. तुला?"

"चार."

"दाबतेस?"

"कधी कधी."

"नक्को दाबू. डाग राहतात. पकड, हा पदर धर."

नवरी हसली. मग दोघी आरशासमोर उभ्या राहून काय काय बोलत होत्या, मला ऐकू आलं नाय. मी रिपोर्ट गादीवर ठेवला आणि निघालो. साड्या किती घेतल्या ते मला माहीत नाय. दुसऱ्या दिवसापासून रेहाना काउंटरवर होती, एवढं माहीत आहे. आणि त्या नवरीनं कुणाकुणाला सांगितलं कुणास ठाऊक, पण तोंड झाकून येणाऱ्या नवऱ्या थेट तिचं नाव घेऊन विचारायला लागल्या.

पंधरा दिवस गेले असतील. इकडं औषधानं पण जोर धरला, गाठी बसायला लागल्या. एका संध्याकाळी मी ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो. रेहाना कामावरून आली. स्कार्फ गळ्यात लोंबतोय, आणि हसू इतकं की बोलता येईना. भिंतीला टेकली, दम घेतला.

"चाचा, आज सेठनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि काळजीनं विचारलं, बेटा, हे मुरूम लग्नसराई संपेपर्यंत तरी टिकतील ना?"