मोडीतला नंबर

आमच्या शाखेबाहेर एटीएम बसलं आणि गिऱ्हाइकांना शहाणं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर म्हणे माझा आवाज मोठा! कार्ड न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तमिळमध्ये तीच तीन वाक्यं ऐकवायची: नंबर कुठे लिहू नका, कुणाला सांगू नका, दाबताना वरून हात धरा. गावांकडचे शेतकरी, देवळापुढचे फुलवाले, कॉलेजातले प्राध्यापक, सगळे माना डोलवायचे आणि माझ्यासमोरच खिशातलं पेन काढायचे.

घरी तर आणखीच आनंद. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कार्डाच्या कागदी पाकिटावरच नंबर लिहिला आणि ते देवघरात तसबिरीमागे खोचलं. मी ओरडले तर हसायला लागले. "अग, मोडीत लिहिलाय, अक्षरांत. तंजावुरात कोण वाचतो ते दाखव बघू!"

खोटं नव्हतं ते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरोघर मराठी बोलतात, पण पोरांना देवनागरीसुद्धा वाचता येत नाही, मोडी कुठली यायला! आजोबांनी ती आपल्या दोन मुलांना शिकवली होती, आणि अप्पांनी मला. मुलीला शिकवली याचा त्यांना केवढा तोरा! पाहुणा आला की मला एखादी ओळ वाचून दाखवायला लावायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? म्हणून त्या पाकिटाबद्दल मी परत तोंड उघडलं नाही. गावाला अक्कल शिकवणारी मी, घरात गप्प बसले.

आडी महिन्यात, म्हणजे इथल्या तमिळ आषाढात, अप्पांचं पासबुक छापून घेतलं, तर खात्यातून तीनदा पैसे काढलेले. अप्पांनी तर त्या यंत्राला अजून हातसुद्धा लावला नव्हता. घरी येऊन पाहिलं, कार्ड जागच्या जागी, पाकिटात. म्हणजे कुणीतरी नेलं, वापरलं आणि गुपचूप आणून ठेवलं.

मॅनेजरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "नंबर तुम्हीच लिहून ठेवलात, बँक काय करणार, सार?" मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ही लिपी वाचतं कोण?"

अप्पांनी पाकीट उचलून खिशात घातलं. परत येताना ऑटोत मीच बोलले. "वाचणारे तिघंच, अप्पा. तुम्ही, मी आणि समोरच्या घरातला काका. रोज सकाळी देवघरात हात जोडायला येतो, कापी पिऊन जातो. आठ दिवस झाले, फिरकलाय का? आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"माझा भाऊ असलं करणार नाही."

"मग?"

ते बाहेर बघत राहिले. तिघांतून ते स्वतः गेले, त्यांचा भाऊ गेला. उरलं कोण, हे कळायला बँकेत नोकरी करावी लागत नाही.

"सरळ म्हणा ना, मी चोर आहे म्हणून!" मी भर ऑटोत रडले.

"मी असं कुठं म्हटलं?" अप्पा म्हणाले.

नाही म्हटलं, हेच तर माझं दुखणं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी चार परत घातल्या असत्या, विषय संपला असता. पुढे काका पुन्हा यायला लागला, देवघरात हात जोडायला लागला, आणि त्या मेल्याला कापी कुणी करून द्यायची? मीच!

महिन्याभरात अप्पांचं नवं कार्ड आलं. यंत्र त्यांना येईना, म्हणून एका दुपारी मीच त्यांना मोपेडवर मागे बसवून नेलं. काचेच्या खोलीत शेजारी उभी राहून सांगत होते, कार्ड असं घाला, आता थांबा, आता नंबर दाबा. अप्पा जरासे वळले. डावा हात त्यांनी बटणांवर आडवा धरला, अगदी मी सगळ्या गिऱ्हाइकांना शिकवायची तसा. त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणीही नव्हतं.