घोड्याचे दात

माझे सासरे गुरांच्या व्यवहारातले. दात पाहिल्याशिवाय त्यांचा कुठल्याही जिवावर विश्वास बसत नाही. लग्नाच्या बोलणीत मी हसेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे टक लावून बसले होते. पुढे नगरच्या उजेडाला वैतागून मी आकाशाचे फोटो काढायला दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन पाथर्डीकडच्या त्यांच्या रानात जायला लागलो, तेव्हा गावात चौकशा सुरू झाल्या. जावई रात्रभर करतो काय? "राखण," असं सांगून ते विषय मिटवत. मला याचा भयंकर राग यायचा. एकदा तरी त्यांनी चारचौघांत माझ्या फोटोंचं नाव अभिमानानं घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी जाहीर केलं, आज घोडा टिपणार. मृग नक्षत्रात काळ्या धुळीचा एक ढग आहे, हुबेहूब घोड्याच्या डोक्यासारखा. सासरे बाज ओढून शेजारीच बसले.

"दात दिसत्याल का?"

"मामा, ढग आहे तो."

"मंग वय कसं कळायचं?"

पहिला फोटो नुसता रवाळ आला. ढगामागचा उजेड अगदीच मंद. त्यात शेतीपंपांची वीज आली की आजूबाजूच्या विहिरींवरचे बल्ब लागणार, म्हणजे वेळही थोडा. मी बिनिंग करायचं ठरवलं. कॅमेऱ्याचे शेजारशेजारचे चार ठिपके मिळून एकच ठिपका धरायचा. चौघांचा उजेड एकत्र होतो, फोटो मात्र लहान होतो आणि बारकावे जातात.

"म्हंजी दातच गेलं की!" मामा ताडकन उभे राहिले.

मी चिडून समजावलं. दुर्बीण लांब पल्ल्याची, ठिपके फार बारीक, आणि आज हवा थरथरतेय. हवेनं जे आधीच पुसलंय, ते बारीक ठिपक्यांनी परत येत नाही. हवा शांत असती आणि रात्र हाताशी असती, तर चारही वेगळेच ठेवले असते.

"मंग शांत हवंत यायचं की, पाव्हनं."

तरी मी केलंच. पडद्यावर घोडा उमटला. मान, कपाळ, नाकाड. मामा पडद्याजवळ वाकून बघत राहिले आणि मग झोपायला निघाले. जाताना फोटो तेवढा मोबाईलवर मागून घेतला.

घोडेगावच्या गुरांच्या बाजारात जुने व्यापारी अजूनही रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. पुढच्या बाजाराहून मामा परतले ते छाती पुढं काढूनच. त्यांनी तिथं सगळ्यांना घोडा दाखवला होता. एकानं थट्टेनं रुमाल पुढं केला आणि मामांनी खरंच त्याखाली हात घातला होता.

"विकला?" मी घाबरून विचारलं. कशाला घाबरलो, देव जाणे.

"मागनी तगडी हुती. दात न दिसता!" त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "पर न्हाई दिला. म्हनलं, जावयानं रातभर थंडीत बसून धरलाय. घरचं जनावर हाय, इकायचं न्हाई."