जयवंता खुर्चीवरून उठली नाय

जयवंता माझी नणंद. लोधिवलीच्या अंगाला कारखाना आला तेव्हा सासऱ्यांचं भाताचं शेत त्यात गेलं आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. माझ्या मालकाला, म्हणजे तिच्या भावाला, वाटलं, आपलाच नंबर. पण मॅट्रिक झालेली ही एकटी. सासरे म्हणाले, "पोरगी जाईल." गावात तोंडं वाकडी झाली. होऊ दे की!

ऑफिसात तिला कंपूटरवर बसवली. कामगारांची हजेरी त्यात भरायची. मी तिथंच कँटीनात रोजावर. चहा घेऊन आत जायची, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सत्त्याऐंशी साली नवं मशीन आलं. दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या चालीचं. आणि जुन्याच्या फ्लॉप्या त्याला वाचताच येईनात! मुंबईचा कंपूटरवाला म्हणाला, "दोघांची पद्धत वेगळी आहे. यातलं त्यात जाणार नाही." मग काय, हजेरीच्या कार्डांवरनं जयवंतानं सगळं नव्यानं भरायला घेतलं. ऑफिसच्या साहेबांचं मात्र आधीच ठरलेलं. नव्या मशीनवर मुंबईचं शिकलेलं माणूस आणायचं आणि हिला पॅकिंगला धाडायचं. "महिनाभर देतो, जमलं तर बघू," म्हणाले. मेहेरबानीच जणू!

आता गंमत बघा. टाइप करायची रीत दोन्हीकडं तीच, मशीनला द्यायचे हुकूमही बरेचसे तेच. त्यामुळं तिची बोटं भराभर चालायची. तिथंच घात झाला. भरलेली हजेरी जपून ठेवायला एका फ्लॉपीवरनं दुसरीवर नक्कल करायची, तर जुन्या मशीनला आधी सांगायचं कुठं न्यायचं, मग कुठनं. नव्याला नेमकं उलटं. बोटांनी सवयीनं जुनंच लिहिलं. महिन्याच्या सुरुवातीची जुनी नक्कल नव्या हजेरीवर जाऊन बसली. महिन्याचं काम साफ पुसलं.

साहेबांना तेच पायजे होतं. "तुझ्या डोक्यात जुनंच मशीन आहे. उद्यापासून पॅकिंग. ऊठ."

मला वाटलं, आता रडते ही. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी. जयवंता बसल्या जागेवरनं म्हणाली, "चूक माझी, साहेब. नाय म्हणत नाय. पण ही दोन मशीनं एकमेकांचं ऐकत नायत, ती तुमीच आणलीत. त्यांना कुणी पॅकिंगला धाडलं नाय. मलाच का?"

"हा कारखाना आहे, शाळा नाही."

"इथं आमचं शेत होतं. ह्या खुर्चीच्या खाली. मी उठणार नाय."

शाब्बास गं बाई, मनात म्हटलं! भीतीही वाटली, माझा रोज त्यांच्याच हातात. तरी चहा मी आधी तिच्यापुढं ठेवला, मग साहेबांपुढं.

तिनं कार्डांचा गठ्ठा ओढला आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली. पॅकिंगवाल्यांनी बोलावणं धाडलं, गेली नाय. हजेरी पुरी झाली त्या दिवशी साहेब तिच्या मागं येऊन उभे राहिले. नक्कल करायची होती. तिनं हात आवरला, पुटपुटली, "आधी कुठनं, मग कुठं," आणि बटण दाबलं. सगळं नीट उतरलं.

साहेब म्हणाले, "आणि पुढच्या वेळी चुकलीस तर?"

"तर पुन्हा भरीन. इथंच बसून."

साहेब केबिनमध्ये निघून गेले. मुंबईचं माणूस काय आलं नाय.