काकूंच्या हाताचा पलंग

पलंगाच्या फळीवर तळहाताने दोन थापा मारायच्या आणि विचारायचं, "काय काय हाय पोटात?" पलंगवाल्या वहिनींचं काम असं सुरू व्हायचं. समोरची बाई हमखास सांगणार, "काही नाही हो, नुसती अंथरुणं." मग त्या अंथरुणांतून तांब्याचा बंब निघायचा, रुखवतातली भांडी निघायची, एकदा तर तांदळाची पोतीही निघाली. वहिनी शांतपणे म्हणायच्या, "लई जाड अंथरुणं हैत की."

तुमच्याही घरात असा पलंग असेल. गादीखालची फळी उचलली की वर राहते, ती दोन्ही बाजूंच्या गॅसच्या दांड्यांमुळे. आमच्याकडे त्यांना सरसकट पंप म्हणतात. ते झिजले की फळी डोक्यावर येते. मग लोक केरसुणी, लाटणं, मुलाची बॅट असं काहीही लावून ती धरून ठेवतात. मी सोसायटीची सचिव. प्लंबर, वायरमन, टाकीवाला अशी नावं माझ्या फोनमध्ये ओळीने आहेत, त्यात वहिनींचं नाव सगळ्यात जास्त वेळा लागायचं.

फर्निचरचं दुकान त्यांच्या नवऱ्याचं, उचगावात. पंप बदलायला आधी तिथली माणसं यायची. पण परक्या पुरुषासमोर पलंग उपसायला बायका तयार होईनात, म्हणून वहिनी स्वतः येऊ लागल्या. पलंग रिकामा होईपर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. एका घरात पाहिलेलं दुसऱ्या घरात कधी निघालं नाही. मी विचारून पाहिलंय, म्हणून सांगते.

"गॅस भरून द्या की," असं कुणी म्हटलं की त्या भडकायच्या. "ही काय शेगडीची टाकी हाय? बऱ्याच पंपांचं तोंड कायमचं बंद असतंय. गळाला की गेला." एक गेला तरी दोन्ही बदलायच्या, नाहीतर फळी तिरकी होते. दांडी कोरड्या फडक्याने पुसायला सांगायच्या, कारण चरा पडला की आतलं सील जातं. जुने पंप भंगारात टाकू द्यायच्या नाहीत, स्वतः घेऊन जायच्या. "आत दाब असतोय. कुणी कटर लावला तर तोंडावर येईल त्याच्या."

आमच्या तळमजल्यावरचे गृहस्थ तालमीतले. त्यांचं म्हणणं, "सगळ्यात जादा पावरचा बसवा."

"पावणं, पलंग हाय का तोफ?" वहिनी म्हणाल्या आणि बसवायला नकार देऊन निघून गेल्या.

गृहस्थांनी दुसरीकडून हवे तसे पंप बसवून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची बायको चहा ठेवायला पलंगावरून उठली आणि शेजारी झोपलेल्या काटकुळ्या सासूबाई पायाकडून वर जाऊ लागल्या. त्यांची हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. संध्याकाळी वहिनींना बोलावणं गेलं. गृहस्थांना बाजूला सारून त्या थेट म्हातारीजवळ गेल्या. विचारलं, "लागलं न्हाय न्हवं? जरा मोठ्यानं सांगा, लेकाला बी ऐकू दे."

पण वहिनींबद्दल सांगायचं ते माझ्या शेजारच्या काकूंमुळे. काकू एकट्या राहतात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांच्या पलंगाचे पंप गेले होते. वाकळा, रग सगळं आत, आणि फळी उचलेना. अख्खी थंडी त्यांनी एका शालीवर काढली आणि कुणाला सांगितलं नाही. पुण्याच्या मुलाला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "स्वतःचा पलंग उघडता येत नाही तुला. एकटी कशी राहणार? रविवारी येतो, सामान बांधून ठेव." मुलगा चांगला आहे, काळजीही खरी. पण काकूंना जायचं नव्हतं.

मी वहिनींना बोलावलं. त्यांनी फळीवर थाप मारली नाही. काकूंचा हात हातात घेतला, मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "उघडायचं सोपं हाय. बंद करायचं अवघड." जोरदार पंप लावला तर फळी आपोआप वर जाईल, पण खाली ओढायला काकूंचा जीव पुरणार नाही. हलका लावला तर उचलणारच नाही.

त्यांनी स्क्रू असलेले पंप आणले. तो किंचित सैल केला की थोडा गॅस सुटतो. गादी काढू दिली नाही. "रोज गादीसकटच उघडायचा हाय न्हवं?" काकूंनी फळी उचलली, ती छान वर गेली. बंद करताना मात्र काकू तिला लोंबकळल्या.

"काकू, झोका न्हाय हा!"

दोन्ही पंपांतून थोडा थोडा गॅस सोडला. पुन्हा काकूंनी उघडला, पुन्हा ओढला. आणखी थोडा सोडला. शेवटी जरा जास्तच सुटला आणि फळी अर्ध्यातून खाली बसली. काकूंचा चेहरा पडला. "जाऊ दे ग बाई. जाते पुण्याला."

"का म्हणून? माझा हात चुकला, तुमचा न्हाय." वहिनींनी पंप काढले आणि पुन्हा गॅस भरायला उचगावच्या वर्कशॉपात नेले.

शनिवारी त्या परत आल्या. या वेळी फुस्स आवाजही ऐकू येऊ नये इतका थोडा गॅस सोडायच्या. काकू उघडायच्या, बंद करायच्या. वहिनींचा हात सारखा फळीखाली होता, न टेकवता, बोटभर अंतर ठेवून. एकदा काकूंनी फळी अलगद खाली आणली, तेव्हा त्यांनी तो काढून घेतला.

रविवारी मुलगा आला. रात्री काकूंनी पलंग उघडला, त्याच्यासाठी वाकळ काढली, पलंग बंद केला. तो बघत राहिला. सकाळी सामानाचा विषय न काढता नाश्ता करून गेला.

मी लगेच वहिनींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "बंद कुणी केला?"

"काकूंनीच."

"मग झालं की." आणि फोन ठेवला.

पुढे फळ्या उचलून उचलून त्यांचा खांदा गेला. नवऱ्याने दुकान दुसऱ्याला दिलं आणि दोघं शाहूवाडीकडे गावी राहायला गेली. आता दुकानातून एक तरुण येतो. काम चांगलं करतो, घाईत असतो. मागच्या महिन्यात माझ्या घरचं काम झाल्यावर मी त्याला काकूंकडे नेलं, म्हटलं बघून घेऊ दे. त्याने एका हाताने फळी वर-खाली केली आणि म्हणाला, "आजी, यात गॅस कमी आहे. नवीन टाकून देतो."

काकू पलंगावर जाऊन बसल्या. त्याच्यासाठी चहा-बिस्किटं मला आणायला लावली. तो जिना उतरून जाईपर्यंत तिथून उठल्या नाहीत.