गावाने दिलेलं मत, वत्सलाने केलेली सही

कुंडलिक आयुष्यात एकदाच निवडणूक हरला, आणि तीसुद्धा स्वतः उभा न राहता. उभी होती त्याची बायको, वत्सला.

पण आधी जिंकण्याचं सांगायला हवं. शेणव्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत करंजखोरे नावाचं गाव. सत्त्याण्णव साली तिथलं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि गावकीची, म्हणजे देवळात बसून गावाचे निकाल लावणाऱ्या पुरुषांची, झोप उडाली. बाई हवी, पण बोलणारी नको. घरंदाज हवी, पण घराबाहेर पडणारी नको. सगळी घरं चाळून झाली तेव्हा कुंडलिकच्या बायकोचं नाव निघालं. कुंडलिक भातसानगरला धरणाच्या कॉलनीत हजेरीवर कामाला जायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वत्सला मुरबाडकडची, म्हशाच्या बाजूची, चौथी पास. लग्नाच्या पंधरा वर्षांत तिचा आवाज बांधापलीकडे कुणी ऐकला नव्हता. याहून चांगली सरपंच कुठे मिळणार?

मग देवळात बैठक बसली. ही बाई गावकी सांगेल तिथे सही करील, असा शब्द नारळावर हात ठेवून द्यायचा होता. गावकीत बाईमाणसाने बसायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. तेव्हा सरपंच होणार वत्सला आणि नारळ उचलला कुंडलिकने. उचलताना त्याला असं वाटलं की खुर्ची आपल्यालाच मिळाली. त्याने नवा सदरा शिवून घेतला आणि रजेच्या दिवशी बायकोच्या पुढे चार पावलं चालत पंचायतीत जाऊ लागला.

एकच अडचण निघाली. वत्सला वाचल्याशिवाय सही करत नसे. बोंबलाच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मगच चुलीत घालणारी बाई ती. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सगळा कागद संपवायची आणि मग नाव काढायची. ग्रामसेवक घड्याळाकडे बघायचा, कुंडलिक तुळईकडे बघायचा. पण तोवर गावाचं आणि तिचं बरं चाललं होतं. हातपंप कुठे बसवायचा, पाड्याचा रस्ता कुणाच्या बांधावरून न्यायचा, हे ती दहा जणांना विचारी आणि गाव म्हणेल तिथे सही करी. गावकी म्हणाली, नारळ पावला.

दुसऱ्या वर्षी रेश्माने लग्न केलं. रेश्मा धर्माची मुलगी, आणि धर्मा म्हणजे गावकीचा मोठा आवाज. मुलगा गावातलाच, बौद्धवाड्यातला दीपेश. दोघांनी ठाण्याला जाऊन नोंदणी केली आणि, इथेच गावाचं डोकं फिरलं, पळून न जाता सरळ परत येऊन दीपेशच्या घरी राहू लागली. पळून गेली असती तर गावाने चार दिवस चघळून सोडून दिलं असतं. डोळ्यांसमोर राहिली, ते कुणाला सोसवेना.

रेशनकार्डात नाव घालायला रेश्माला रहिवासी दाखला हवा होता. त्यावर सही सरपंचाची. गावकीने हिशेब साधा मांडला. दाखला नाही तर रेशन नाही, मतदारयादीत नाव नाही. कंटाळून जातील कल्याणला. देवळात सगळ्यांनी हात वर केले. कुंडलिकनेही केला. घरी येऊन तो वत्सलाला म्हणाला, "त्या दाखल्यावर सही करायची नाय. गावाचं ठरलंय."

"बरं," वत्सला म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. हे 'बरं' होकाराचं असतं, असं कुंडलिक लग्नापासून धरून चालला होता.

सोमवारी पंचायतीत धर्मा आणि आणखी सहा-सात जण येऊन बसले. रेश्मा दाराशी उभी होती, दीपेश तिच्या मागे. ग्रामसेवकाने कागद पुढे सरकवला आणि आपले हात मांडीवर घेतले. वत्सलाने बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"वयनी, वाचताय कशाला?" धर्मा म्हणाला. "तुमच्या घरानं नारळावर शबूद दिलाय."

"कोनी दिला?"

"कोनी म्हंजे? कुंडलिकनं."

"मंग ह्यांच्याकडून घ्या सही," वत्सला म्हणाली. "बाईमाणसानं गावकीत बसायचं नाय, हा कायदा तुमचाच ना? जी बसलीच नाय, तिनं शबूद कवा दिला?"

वाडवडिलांची रीत अशी उलटून अंगावर येईल, हे एकाही वाडवडिलाने सांगून ठेवलं नव्हतं. शेवटी धर्माच म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला होता, "निवडून आमी दिलंय तुमाला. गावाला नको हाय, तर तुमी कोन करनाऱ्या?"

वत्सलाने मान वर केली. बोट कागदावरच होतं.

"हातपंप तुमी सांगितला तिथं बसवला. रस्ता सांगितला तिथून नेला. ते तुमचं, तुमी ठरवायचं. पण ह्या कागदावर काय लिवलंय, ऐका. ही पोर ह्या गावात राहते, येवढंच लिवलंय. ती चांगली का वाईट, तिनं लगीन करायला पायजे व्हतं का नाय, ते लिवलेलं नाय. आता सांगा, राहते का नाय? ती काय, दारात उभी हाय. तुमी शंभर हात वर केलेत तरी मला दिसते ती. दिसतंय ते नाय म्हनून लिवून द्यायला मला निवडून दिलंय का?"

आणि तिने सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत, खाली रेघ ओढून.

सगळे कुंडलिककडे वळले. नवा सदरा घालून तो खिडकीशी बसला होता. बायकोला दरडावायची ती वेळ होती आणि त्यासाठी तो उठलाही. पण उठल्यावर त्याला कळलं की आपल्याला राग आलेला नाही. सोळा वर्षं ज्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली तिला आपण आज पहिल्यांदा बघतोय, आणि ही आपली बायको आहे, हे भर पंचायतीत ओरडून सांगावं, असं त्याला वाटत होतं. तेवढं काही त्याला जमलं नाही. तो म्हणाला, "नारळ मी उचलला व्हता. मोडला तो शबूद माझा. दंड मला लावा, तिला नाय."

गावकीने दंड लावला नाही, पण सावड तोडली. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावताना, एकमेकांच्या शेतात हात लावायचा, ही इथली पद्धत. त्यावरच भात लागतं. त्या पावसाळ्यात कुंडलिकच्या शेतात कुणी उतरलं नाही. राबातली रोपं वाढून चालली, पिवळी पडू लागली. कुंडलिक, वत्सला आणि त्यांची मुलगी दिशा चिखलात वाकून किती पुरी पडणार? चौथ्या दिवशी दीपेशची आई वाड्यातल्या पाच बायका घेऊन आली आणि न बोलता आवणीला लागली. मग कुंडलिकला सावड फेडायला त्यांच्या शेतात जावं लागलं. दुपारी त्यांच्या ओटीवर बसून जेवलाही. जन्म गावात काढला, पण त्या वाटेने तो पहिल्यांदाच गेला होता. आपल्याला इतकी वर्षं लागली याची त्याला लाज वाटली. तिखट मात्र जास्त होतं, हे त्याने घरी येऊन सांगितलं.

अविश्वासाचा ठरावही आणून झाला. एक आदिवासी सदस्य आणि एक सदस्यबाई यांनी हात खालीच ठेवले, म्हणून तो पडला. पाच वर्षं वत्सलाने खुर्ची सोडली नाही. बोट ठेवून वाचणंही सोडलं नाही.

दोन हजार दोनमध्ये वॉर्डातली जागा खुली झाली. गाव म्हणालं, आता बाईचं काय काम? वत्सला उभी राहिली. कुंडलिक रात्रपाळ्या बदलून घरोघर हिंडला. आता तो तिच्या मागे चार पावलं असायचा. वत्सला नऊ मतांनी पडली. धर्माच्या लोकांनी गुलाल उधळला आणि मुद्दाम कुंडलिकच्या दारावरून मिरवणूक नेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळा गाव बघत असताना, धर्माची बायको हौसा कुंडलिकच्या अंगणात आली. चार वर्षं तिने वत्सलाचं तोंड पाहिलं नव्हतं. कुंडलिक ओटीवर दोर वळत होता. त्याचा हात थांबला. त्याला वाटलं, ही आता पडलेल्या माणसाला बोलायला आली.

"मी तुला मत नाय दिलं, गो," हौसा म्हणाली. "घरात शबूद दिलता."

"ठाव हाय मला," वत्सला म्हणाली. "बस."

हौसा बसली नाही. "ऐकून घे आधी. तवा तू माझ्याकडं येऊन इचारलं असतंस, हौसाबाय, सही करू का, तर मी नको म्हनले असते. आई असून नको म्हनले असते. पोर गेली असती कल्याणला, आन मी इथं गावासंगं बोलत बसले असते, बरं झालं म्हनून." तिने पदराने तोंड पुसलं. "आता पान्याला जाते तवा तिचं अंगन दिसतं. नातू हाक मारतो मला. बरं झालं बाई, तू मला इचारलं नायस."

वत्सला हौसाचा हात धरून उभी राहिली. बायको सरपंच झाली त्या दिवशी कुंडलिकने गावभर पेढे वाटले होते, पण त्याचा ऊर खरा भरून आला तो आज, ती नऊ मतांनी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याने दोर बाजूला ठेवला आणि दोघींसाठी चहा टाकायला आत गेला.